जोडीच्या मापाची होडी
(प्रस्तावना)

कोल्हापूर-सांगलीकडच्या नद्या पात्राबाहेर पडल्या आणि पलीकडे जायची वाट बुडाली, की पूर्वी गुऱ्हाळातली काहील पाण्यात लोटत. उसाचा रस आटवायची ती पसरट गोल कढई माणसांना आणि पोत्यांना पैलतीरी पोचवी. सहसा उलटत नसे, पण सरळही जात नसे. एका बाजूने वल्हे मारले की पुढे सरकण्याआधी स्वतःभोवती गिरकी घेई. शर्यतीची होडी नेमकी काहिलीच्या दुसऱ्या टोकाला आहे. साडेसहा मीटर लांब आणि बसणाऱ्याच्या कमरेपेक्षा फारशी रुंद नसलेली दुहेरी कयाक आखल्यासारखी सरळ जाते, आणि नवख्या जोडीला पहिल्याच मिनिटात पाण्यात टाकते. या दोन टोकांमध्ये कुठे थांबायचे, हा होडी निवडण्याचा खरा प्रश्न. त्याचे उत्तर कारखान्यांच्या माहितीपत्रकांत किंवा मागच्या ऑलिंपिकच्या निकालांत शोधायची सवय सगळीकडेच आहे. ते आधी जोडीच्या वजनात आणि मग घरच्या पाण्यात शोधावे, एवढेच या पुस्तिकेचे म्हणणे आहे.

पुस्तिका लिहिताना मुरगूड डोळ्यांपुढे आहे. वेदगंगेचा काठ आणि कागलच्या घाटगे घराण्यातल्या पिराजीरावांचे नाव लागलेला सर पिराजीराव तलाव, असे दोन प्रकारचे पाणी गावाला जवळ आहे. कष्टाच्या खेळाची सवयही आहे. मंडलिक कुस्ती संकुलामुळे मुरगूडचे नाव कुस्तीच्या जगात ठाऊक आहे. होडीच्या शर्यतीची गोडी लागायला फार लांब जावे लागत नाही, कारण सांगलीत कृष्णेच्या पात्रात बोट क्लबांच्या शर्यती बघायला काठ भरून माणसे जमतात. पण त्या होडीत जमाव असतो, आणि इथे दोघेच. शिवाय आपल्याकडे एक घोळ नेहमी होतो, तो आधीच मिटवलेला बरा. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला गेला तो रोइंगमध्ये. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबवर आणि लष्कराच्या केंद्रात चालते तेही मुख्यतः रोइंग. त्यात खेळाडू पाठमोरा बसतो आणि वल्हे होडीच्या बाजूला अडकवलेले असते. कयाक आणि कॅनो या प्रकारांत तोंड पुढे असते आणि वल्हे फक्त हातात. कयाकमध्ये बसून दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे फिरवतात आणि पायाने सुकाणू सांभाळतात. कॅनोमध्ये एक गुडघा टेकून एकाच पात्याचे वल्हे एकाच बाजूला मारतात, आणि सुकाणू नसते. दोघांच्या कयाकला के-२ आणि दोघांच्या कॅनोला सी-२ म्हणतात. पुढची सगळी चर्चा या दोन होड्यांची.

एकट्यापेक्षा दोघांची होडी वेगवान का, हे आधी समजले की निवडीचा निम्मा गुंता सुटतो. बळ दुप्पट झाले म्हणून वेग दुप्पट होत नाही. वजन दुप्पट झाले की होडी मोठी लागते, पण तिचे पाण्याला टेकणारे अंग दुपटीने वाढत नाही, साधारण एक पूर्णांक सहा पट वाढते. उलट वेग थोडा वाढवायचा तर बळ फार लागते, कारण ते वेगाच्या घनाच्या प्रमाणात चढते. थॉमस मॅकमेहन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात रोइंगच्या होड्यांसाठी हाच हिशेब मांडला, आणि शर्यतींच्या वेळा त्याच्याशी जुळल्या. एकाचे दोन झाले की वेग सुमारे आठ टक्क्यांनी वाढतो. या आठ टक्क्यांत एक अट लपलेली आहे: होडी दोघांच्या वजनाच्या मापाची असली तरच तो हिशेब लागू पडतो. माप चुकले की दोघे एकत्र येऊन मिळवलेला फायदा होडीच खाऊन टाकते.

नियमांनी निवडीला मोठी मोकळीक ठेवलेली नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमाने के-२ आणि सी-२ या दोघींची लांबी जास्तीत जास्त ६.५ मीटर, वजन के-२ चे किमान १८ किलो आणि सी-२ चे किमान २० किलो. लांबीला वरून टोपी आहे, म्हणून बहुतेक सगळे कारखाने त्या टोपीला डोके टेकवूनच होडी काढतात. कारण पाणी होडीला दोन तऱ्हेने अडवते: एक अंगाला घासून, दुसरे लाटा उठवून. साडेसहा मीटर लांबीची लाट सेकंदाला सुमारे ३.२ मीटर वेगाने धावते. रुंद, बसकी होडी या वेगाला आली की स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकते आणि कितीही दम लावला तरी पुढे सरत नाही. रुंदीच्या दहा-पंधरा पट लांब असलेली होडी लाटच एवढी लहान उठवते की तो चढ तिला अडवू शकत नाही. मग उरतो तो घासण्याचा विरोध, आणि शर्यतीच्या वेगाला मोठा वाटा त्याचाच असतो. तो कमी करायचा तर पाण्यात बुडालेला भाग अर्धगोलाकार हवा, कारण तेवढ्याच वजनाला त्या आकाराचे ओले अंग सर्वांत कमी. आणि इथेच माशी शिंकते. अर्धगोल तळ म्हणजे ओंडका. तो कोणत्याही बाजूला सारख्याच निर्विकारपणे लोळतो.

रुंदीचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे, आणि पुढे दीर्घकाळ नियमाने किमान रुंदी ठरवलेली होती: के-२ ला ५५ सेंटिमीटर, सी-२ ला ७५. डेन्मार्कमधल्या स्ट्रूअरच्या कारागिरांनी आणि त्यांच्या बरोबरीच्यांनी नियम पाळला, पण आपल्या सोयीने. रुंदी त्यांनी बसणाऱ्याच्या पाठीमागे, पाण्याच्या वर, कोपर बाहेर काढावे तशी काढली. पाण्याला टेकणारा भाग अरुंदच ठेवला. फूटपट्टी लावणाऱ्याला ५५ सेंटिमीटर मिळत आणि पाण्याला ते कधी भेटत नसत. सिडनीच्या २००० च्या ऑलिंपिकनंतर किमान रुंदीची अटच गेली, आणि ती कोपरे होड्यांवरून नाहीशी झाली. माहितीपत्रकात छापलेली रुंदी वाचून होडी स्थिर की डुगडुगती हे कळत नाही, हा त्यातून घ्यायचा धडा. विचारायचे ते पाण्याच्या रेषेवरची रुंदी किती, आणि किती किलोच्या भाराला.

म्हणजे पुन्हा वजनच. कुस्तीचे गाव असल्यामुळे मुरगूडच्या वाचकाला हे पटवायला कष्ट पडू नयेत. कुस्तीत वजनगट माणसाला लावतात: सत्तावन्नचा पैलवान सत्याण्णवच्या अंगावर सोडत नाहीत. कयाक-कॅनोत माणसाला असा गट नाही. शर्यतीच्या ओळीत साठ किलोचा आणि नव्वद किलोचा शेजारी शेजारी उभे राहतात. वजनगट इथे होडीला आहे. पोर्तुगालच्या नेलोसारखे कारखाने एकाच आराखड्याची होडी वजनाप्रमाणे निरनिराळ्या मापांत काढतात ते उगीच नाही. पण खरेदी करणारा विचारतो तो आराखड्याचे नाव. माप नंतर, मिळेल ते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. जगातले विजेते ज्या होडीत जिंकले ती होडी वाईट कशी असेल? वाईट नाहीच. ती त्यांची आहे. समजा तो आराखडा पंच्याऐंशी-पंच्याऐंशी किलोच्या जोडीसाठी काढलेला आहे. होडीसकट भार १८८ किलो. त्यात आपली साठ-साठ किलोची मुले बसवली तर भार १३८ किलो होतो. के-२ चा पाण्याच्या पातळीवरचा पसारा पावणेदोन-दोन चौरस मीटर धरला, तर होडी ठरल्यापेक्षा अडीच सेंटिमीटरहून थोडी अधिकच वर तरंगेल. ऐकायला हे क्षुल्लक वाटते, पण ती मुळात दहा सेंटिमीटरच्या आसपास बुडणार असते. म्हणजे चौथाई बुडणे गेले. बसणारा तेवढा उंच गेला, डुगडुग वाढली, वाऱ्याला अंग जास्त मिळाले, नाक आणि शेपूट पाण्याबाहेर राहून कामाची लांबी घटली, आणि मोठ्या होडीचा ओला पृष्ठभाग हलक्या जोडीला फुकट ओढावा लागला. उलट चूक आपल्याकडे कमी होते, पण होते: वजनदार जोडी लहान मापात बसवली की तिचा काठ पाण्याला टेकतो आणि जराशा लाटेला पाणी आत येते. दोन्ही चुका होडीचे नाव बघून कळत नाहीत, वजनकाट्यावर कळतात. दोघांच्या वजनात फार फरक असेल तर आसने पुढेमागे सरकवून होडीचे नाक-शेपूट समतोल करता येते, पण तो डाव काही किलोंपुरताच. पंधरा-वीस किलोंच्या तफावतीवर आसन सरकवणे हा इलाज नव्हे. तिथे जोडीचाच पुन्हा विचार करावा.

वजनानंतरचा प्रश्न स्थैर्याचा, आणि मतभेद सर्वांत तीव्र आहेत ते इथेच. अनुभवी प्रशिक्षकांचा एक वर्ग म्हणतो, सुरुवातीपासूनच शर्यतीची अरुंद होडी द्या. पडतील, भिजतील आणि शिकतील. रुंद होडीची सवय लागली की ती सुटत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तोल शिकवून येत नाही, पडून येतो. पण हिशेब मांडून बघावा. समजा अरुंद होडीचा विरोध स्थिर होडीपेक्षा सहा टक्क्यांनी कमी आहे. बळ घनाच्या प्रमाणात लागत असल्यामुळे त्यातून वेग वाढतो तो फक्त दोन टक्के. चार मिनिटांच्या शर्यतीत ते पाच सेकंद होतात, आणि अंतिम फेरीत पाच सेकंद म्हणजे पदक. पण तोल सावरण्यात जोडीचे सहा टक्के बळ गेले की तो सगळा फायदा शून्य होतो, आणि सातवा टक्का गेला की अरुंद होडी मागे पडते. नवख्या जोडीकडे नुसते बघितले तरी सहा टक्के किती थोडे आहेत हे कळते. दर चार-पाच वल्ह्यांमागे एक वल्हे तोल सावरायला पाण्यावर थापले जाते, आणि खांदे आखडून उरलेल्या वल्ह्यांची लांबीही तोकडी पडते. एकट्याच्या होडीत ही चूक ज्याची त्याला भोवते. दोघांच्या होडीत एकाची डुगडुग दुसऱ्याच्या कमरेत उतरते, आणि दोष कुणाचा हे दोघांनाही कळत नाही. म्हणून पडून शिकायचे ते एकेरी होडीत शिकावे, आणि दुहेरी होडी सुरुवातीला थोडी समजूतदार घ्यावी, हे माझे मत. जोडी वाऱ्यातही पूर्ण ताकदीने वल्हे मारू लागली की मग अरुंद होडीचे ते दोन टक्के मागायला जावे.

के-२ घ्यावी की सी-२? भारताचा इतिहास इथे सी-२ च्या बाजूने उभा आहे. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत सिजी सदानंदन आणि जॉनी रोमेल यांनी सी-२ मध्ये १००० मीटरला कांस्य मिळवले, आणि त्यानंतर थेट ऑक्टोबर २०२३ मध्ये हँगझोऊला अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी त्याच प्रकारात कांस्य आणले. वेळ होती ३ मिनिटे ५३.३ सेकंद, म्हणजे सेकंदाला जवळपास ४.३ मीटर. सुनील मणिपूरमधल्या मोइरांगचा, लोकटाक सरोवराच्या काठचा. नावेशी लहानपणापासून घसट असलेल्या माणसाला गुडघ्यावर बसून एका बाजूने वल्हवणे परके वाटत नाही, आणि आपल्याकडच्या नदीकाठच्या मुलांनाही ते वाटू नये, असा युक्तिवाद करता येतो. तो बऱ्यापैकी खरा आहे. पण सी-२ ला एक डावा आणि एक उजवा लागतो, त्यांचे बळ बरोबरीचे लागते, आणि सुकाणू नसल्यामुळे होडी सरळ ठेवण्याची विद्या वल्ह्याच्या शेवटच्या वळणात आणावी लागते. ती विद्या शिकवणारा माणूस जवळ असेल तर सी-२ जरूर घ्यावी. नसेल तर सुकाणूची के-२ शिकणाऱ्याच्या चुका जास्त पोटात घालते. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये दोन्ही प्रकार ५०० मीटरचे झाले, म्हणजे शर्यत आखूड झाली आणि सुरुवातीच्या झटक्याला महत्त्व आले. गावपातळीवरच्या खरेदीला मात्र त्याने फरक पडत नाही.

आता घरचे पाणी. ज्या बंधाऱ्याला जिल्ह्याचेच नाव पडले तो कोल्हापुरी बंधारा वल्हवणाऱ्यासाठी वरदान आहे. पावसाळा ओसरल्यावर बरगे बसवले की वाहत्या नदीच्या जागी संथ पाण्याचे लांब पट्टे तयार होतात. वेदगंगेचे उन्हाळ्यातले पाणी वर भुदरगड तालुक्यातल्या पाटगावच्या धरणातून सुटते. पाळी आली की भरते, उपसा झाला की उतरते. शेतकऱ्याला हे पाठ असते, होडीवाल्याने ते पाठ करायला हवे, कारण उथळ पाणी होडीला धरून ठेवते. खोली जितकी कमी तितकी तिथली लाट सावकाश धावते: एक मीटर खोलीला सेकंदाला ३.१ मीटर, दोन मीटरला ४.४, तीन मीटरला ५.४. होडीचा वेग या आकड्याच्या जवळ गेला की तिने उठवलेली लाट तिच्यापुढे निघून जाऊ शकत नाही, साचते, आणि होडीला चढण लागते. हँगझोऊचा ४.३ मीटरचा वेग पावणेदोन ते दोन मीटर खोलीवर नेमका या चिखलात सापडला असता. म्हणजे मुरगूडजवळच्या पट्ट्यात जानेवारीत चांगली ठरलेली होडी मे महिन्यात वाईट ठरू शकते, आणि दोष होडीचा नसतोच. दोन होड्या ताडून बघायच्या तर एकाच दिवशी, एकाच पट्ट्यात, एकाच जोडीने, आलटून पालटून: पहिली, दुसरी, पुन्हा दुसरी, पुन्हा पहिली, अंतर ५०० मीटर, मिनिटाला वल्ह्यांची संख्या ठरवून. वेळ लिहावीच, पण तोल सावरायला वाया गेलेली वल्हीही काठावरच्या माणसाने मोजावीत. तलावात खोली अधिक भरवशाची मिळते, पण गावाचे पिण्याचे पाणी तिथूनच येते. तिथे नगरपरिषदेची परवानगी आधी, सराव मागून.

बंधाऱ्यांमुळे आणखी एक वाट उघडते, जिच्याकडे फारसे कुणी बघत नाही. मॅरेथॉन प्रकारच्या शर्यतीत खेळाडू मध्येच होडीतून उतरतात, ती उचलून काठाने पळतात आणि पुन्हा पाण्यात टाकतात. म्हणूनच त्या के-२ चे किमान वजन १२ किलोच आहे. एका बंधाऱ्याच्या पाण्यातून दुसऱ्याच्या पाण्यात जाताना वेदगंगेवर नेमके हेच करावे लागेल. तयार मैदान असे पडून आहे.

“पुराच्या भागात शर्यतीची नाजूक होडी कशाला, बचावालाही उपयोगी पडेल अशी घ्या,” हा सल्ला वर्गणी मागायला गेले की हमखास मिळतो. २०१९ च्या ऑगस्टमधली ब्रह्मनाळची नाव उलटण्याची दुर्घटना ज्यांना आठवते ते हा सल्ला कळकळीने देतात, त्याला हसू नये. पण बचावाची नाव रुंद, तळाला बसकी, भार झेलणारी हवी. शर्यतीची होडी या प्रत्येक बाबतीत तिच्या उलट. दोन्ही कामे करणारी होडी एकही काम नीट करणार नाही, आणि पुरात त्याची किंमत जीवाने मोजावी लागेल. वर्गणी द्यायची तर बचावाच्या नावेला वेगळी द्यावी. सराव करणाऱ्या प्रत्येक मुलाला पोहता येणे आणि अंगावर जीवरक्षक जाकीट असणे, यावर चर्चाच नको.

पैशाविषयी थोडे. कार्बनची होडी हलकी आणि ताठ असते, पण नियम किमान वजन ठरवून देतो, आणि काचतंतूची चांगली होडीही त्याच्या फार वर जात नाही. ती फुटली तर फायबरकाम करणारा स्थानिक कारागीर जोडू शकतो. कार्बनच्या पोकळ गाभ्याच्या होडीला तसे करायला गेले की वजन आणि आकार दोन्ही बिघडतात. वाचलेला पैसा वल्ह्यांत घालावा. १९८० च्या दशकाच्या मध्यावर स्वीडनमधून पंखासारख्या पात्याचे वल्हे आले आणि काही वर्षांत कयाकच्या शर्यतीतून जुनी सपाट पाती हद्दपार झाली. होडीच्या आकाराने एवढी उलथापालथ क्वचितच केली असेल. वल्ह्याची लांबी आणि पात्याचे माप प्रत्येक खेळाडूचे वेगळे, आणि होडी दुसऱ्या जोडीला दिली तरी वल्हे ज्याचे त्याच्याकडे राहते.

पुढच्या प्रकरणांत मापे घेण्याची रीत, चाचणीचे तक्ते, आसने बसवणे आणि डागडुजी आहे. कारखान्याला पहिले पत्र लिहिण्याआधी तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्या: दोघांचे एकत्र वजन, ते दोन वर्षांत किती वाढेल याचा अंदाज, आणि सरावाच्या पट्ट्याची मे महिन्यातली खोली. वाढत्या वयाच्या मुलांचा तो अंदाज अंगावर मांस चढण्याचा हिशेब धरून करा. तालमीतल्या वस्तादाला विचारलेत तर तो तुमच्यापेक्षा अचूक सांगेल. बरगे बसायला अवकाश आहे तोवर वजने करून ठेवा.